हसवण्याची तालीम

स्मरणिकेसाठी लेख पाठवा म्हटल्यावर आपल्या बॅचच्या बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्या. मी मात्र थोडा इतिहास लिहिते आहे. व्यवसायाने मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे नाटकाशी माझा संबंध प्रेक्षक म्हणून. पण माझी लेक नाट्यशास्त्राचा अभ्यासक्रम करते आहे. तिच्या वह्या चाळताना आपल्याच भागाची एक गोष्ट नव्याने कळली. मराठीच्या बाईंनी शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात, ही विनंती.

तिला एक विषय आहे, वेगवेगळ्या संस्कृतींमधला विनोदी अभिनय. सोळाव्या शतकातल्या इटलीत रुजलेला 'कोमेदिया देल्लार्ते' त्यात आहे. कंजूष म्हातारा पांतालोने आणि सदा भुकेला, चलाख नोकर आर्लेकिनो ही त्यातली ठरलेली सोंगे. जपानचे क्योगेन आहे. तिथे नटाची सुरुवात माकडाच्या भूमिकेने होते आणि शिक्षण पुरे होते ते कोल्ह्याच्या भूमिकेने, असे म्हणतात. जाक लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसला काढलेली शाळा आहे. तिथे विदूषकाचे लाल नाक हा जगातला सर्वांत छोटा मुखवटा मानतात. आपल्या भरताच्या नाट्यशास्त्रात तर स्मितापासून अतिहसितापर्यंत हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. हे सगळे वाचून मनात आले, की यात आपली सांगली आणि आपला सातारा कुठे बसतो?

सुरुवात अर्थातच विष्णुदास भावे यांच्यापासून. १८४२ मध्ये कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी भाव्यांना मराठीत तसे, पण अधिक नेटके काही करायला सांगितले आणि १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' उभे राहिले. म्हणजे ५ नोव्हेंबरला आपण जो रंगभूमी दिन साजरा करतो, त्याच्या मुळाशी शेजारच्या भाषेतल्या खेळाचा अभ्यास आहे. भाव्यांच्या खेळात सूत्रधारापाठोपाठ झाडपाला अंगावर घेतलेला विदूषक नाचत येई आणि त्याची टिंगल करी. देवांच्या आधी हसवणारा रंगमंचावर, असा तो क्रम होता.

दुसरे नाव गोविंद बल्लाळ देवल यांचे. सांगलीजवळच्या हरिपुराशी त्यांचे नाते. मोलिएरने १६६० मध्ये पॅरिसला 'स्गानारेल' नावाचे प्रहसन केले होते. एका बाईच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर दिसते आणि नवऱ्याच्या डोक्यात संशय शिरतो, एवढाच त्याचा जीव. आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये ते कथानक इंग्रजी नाटकात आणले. त्यावरून देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिले आणि पुढे त्यात पदे घालून 'संगीत संशयकल्लोळ' केले. ते रंगभूमीवर आले १९१६ मध्ये, देवल गेले त्याच वर्षी. घोटाळ्याची रचना फ्रान्सची राहिली, पण माणसे पूर्ण आपली झाली. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या, अशी सगळी नावे महिन्यांची आणि नक्षत्रांची. देवल नुसते लेखक नव्हते. नाटक कंपन्यांमध्ये तालीम देणारे मास्तर म्हणूनही त्यांचा दबदबा होता. फाल्गुनराव हा स्वतःला विनोदी समजत नाही, तो खरोखर जळतो, म्हणून आपण हसतो. हे नटाच्या अंगी बाणवणे हाच तालमीचा विषय.

तिसरी गोष्ट आपल्या गावांची. कोण कुठल्या जिल्ह्याचा, यावरून आपल्या वर्गात वाद व्हायचे, आठवते? १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्याआधी तासगाव, वाळवा हे तालुके साताऱ्यातच होते. त्याच तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या उमा सावळजकरांचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानला जातो. मिरजेजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगातल्या हवालदारांच्या भूमिकांनी ते घराघरांत पोचले. जुळ्यांच्या सारखेपणावरचा विनोद प्लॉटसने रोममध्ये केला, शेक्सपिअरने 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये केला. त्यांच्या नटांना सारखे दिसण्यासाठी सोंग घ्यावे लागे. कवलापूरकरांना ते जन्मतःच मिळाले होते!

आर्लेकिनो आणि सोंगाड्या शेजारी उभे करून पाहा. दोघेही मालकापेक्षा प्रेक्षकांच्या जवळचे. दोघांचेही बरेचसे बोलणे लिहिलेले नसते. गण, गवळण झाली की बतावणीत एक जण सरळ प्रश्न विचारतो आणि दुसरा त्या शब्दाचा भलताच अर्थ लावून त्याला कोंडीत पकडतो. त्या गावात त्या आठवड्यात जे घडले असेल, तेही त्यात येते. दोन्हीकडे ही कला पाहून-पाहून, फडातच शिकायची.

फरक आहे तो जपणुकीत. इटलीच्या नटांचे मुखवटे, चित्रे, प्रसंगांची टिपणे उरली, म्हणून आज जगभरच्या नाट्यशाळांत आर्लेकिनो शिकवता येतो. देवलांचे नाटक छापलेले आहे, म्हणून तेही शिकवता येते. बतावणी मात्र सोंगाड्याबरोबर जाते. आणि हे सोंगाडे बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतले होते. यात्रेत त्यांच्यावर पोट धरून हसलेल्या गावाने त्यांची विद्या लिहून ठेवण्यासारखी मानली नाही. ही नोंद राहिली नाही, याचे कारण केवळ विसरणे नव्हे.

माझ्या लेकीच्या वहीत आर्लेकिनोवर अकरा पाने आहेत आणि सोंगाड्यावर दीड. तिच्या शिक्षकांचा यात दोष नाही, शिकवायला साहित्यच थोडे आहे.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक मागणे आहे. तुमच्यातले कितीतरी जण अजून गावाकडे जाता. ओळखीत एखादा जुना सोंगाड्या, मावशीचे काम केलेला, ढोलकीवाला असेल, तर त्याच्याजवळ तासभर बसा आणि त्याची परवानगी घेऊन एक बतावणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. कुठल्या शब्दाला लोक हसायचे आणि तो तिथे किती वेळ थांबायचा, हेही विचारा. त्याचे नाव, गाव, वर्ष नीट लिहा. ते सगळे ऐकून, क्रमवार लावून सर्वांना वापरता येईल असे ठेवण्याचे काम माझे. तेवढे तरी मला नोकरीने शिकवले आहे.