अथेन्सचे नगरराज्य

प्राचीन ग्रीसच्या ॲटिका प्रदेशातील लोकसत्ताक नगरराज्य. ग्रीसचा बहुतेक भूभाग डोंगराळ असल्यामुळे तेथील खोऱ्यांतून व बेटांवर शेकडो स्वतंत्र नगरराज्ये उदयास आली. त्यांत सु. २,५०० चौ. किमी. क्षेत्राचे ॲटिका विस्तीर्णच म्हणावे लागेल. तेथील हलकी जमीन ऑलिव्ह व द्राक्षे यांस मानवे. धान्य मात्र पुरत नसे. त्यामुळे पुढे काळ्या समुद्राकाठचा गहू आयात करावा लागे.

इ. स. पू. सहाव्या शतकात मैदान, किनारा व डोंगराळ भाग यांतील लोकांचे परस्परविरोधी तट पडले आणि त्या कलहाचा लाभ घेऊन पिसिस्ट्राटसने सत्ता बळकावली. त्याच्या घराण्याची सत्ता संपुष्टात आल्यावर क्लिस्थेनीझने इ. स. पू. ५०८-५०७ मध्ये या दुहीवर मूलगामी उपाय योजला. वंशाधारित चार जुन्या जमातींऐवजी त्याने राजकीय कारभारासाठी दहा नव्या जमाती निर्माण केल्या व प्रत्येकीत नगर, किनारा आणि अंतर्भाग यांतील एकेक विभाग समाविष्ट केला. प्रत्येक जमातीचे ५० याप्रमाणे ५०० सभासदांचे मंडळ लोकसभेपुढील कामकाज सिद्ध करी. सैन्याची उभारणीही जमातवार होई. डायोनायससच्या उत्सवातील समूहगायनाच्या स्पर्धेत प्रत्येक जमातीची ५० पुरुषांची व ५० मुलांची पथके उतरत. अशा रीतीने किनाऱ्यावरील कोळी, आतील भागातील शेतकरी व नगरातील कारागीर एकत्र विचारविनिमय करू लागले, लढू लागले आणि गाऊही लागले.

लॉरिअमच्या खाणींत इ. स. पू. ४८३ च्या सुमारास विपुल चांदी सापडली. ती वाटून न घेता तिच्यातून युद्धनौका बांधाव्यात, हा थिमिस्टोक्लीझचा प्रस्ताव लोकसभेने मान्य केला. याच आरमाराने इ. स. पू. ४८० मध्ये सॅलमिस येथे इराण्यांचा पराभव केला. वल्ही मारणाऱ्या निर्धन नागरिकांचे राजकीय महत्त्व त्यामुळे वाढले.

तथापि स्त्रिया, गुलाम व परदेशी रहिवासी यांना राजकीय हक्क नव्हते. पेरिक्लीझच्या इ. स. पू. ४५१ च्या कायद्याने तर माता व पिता दोघेही अथेनियन असतील, त्यांनाच नागरिकत्व मिळू लागले. लॉरिअमच्या खाणींत राबणारे बहुसंख्य गुलामच होते. ज्यांच्या श्रमातून आरमार उभे राहिले, त्यांना त्याने राखलेल्या स्वातंत्र्यात वाटा नव्हता. इ. स. पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाने ही लोकशाही मोडून मताधिकारास मालमत्तेची अट घातली. भूगोलाने व वंशाने विभागलेल्या लोकांना समान नागरिकत्वाने जोडण्याचा हा प्रयोग इतिहासात महत्त्वाचा ठरला; त्याची मर्यादाही त्या नागरिकत्वाच्या संकुचित व्याख्येतच होती.