त्सोल्यानी : एका रचित भाषेचा इतिहास आणि तिचा कर्ता

कल्पित जगाला इतिहास असू शकतो काय, हा प्रश्न टोल्कीनच्या निमित्ताने पुष्कळदा चर्चिला गेला आहे. एम. ए. आर. बार्कर (१९२९-२०१२) यांच्या टेकुमेलकडे मात्र समीक्षेने फारसे पाहिले नाही. हे जग प्रथम अवतरले ते 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' (१९७५) या खेळाच्या पुस्तकातून. 'द मॅन ऑफ गोल्ड' ही कादंबरी पुढे १९८४ साली आली. खेळ म्हणजे वाङ्मय नव्हे, हा समज येथे आड आला असावा.

बार्कर व्यवसायाने भाषावैज्ञानिक. क्लॅमथ या अमेरिकेतील आदिवासी भाषेचे व्याकरण आणि कोश, तसेच उर्दू व बलुचीचे पाठ्यक्रम त्यांच्या नावावर आहेत. १९५१ मध्ये ते अभ्यासवृत्तीवर भारतात आले आणि येथील वास्तव्यातच त्यांनी इस्लामचा स्वीकार केला. पुढे ते मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषासंस्कृतींचे अध्यापन करीत. त्यांनी रचलेली त्सोल्यानी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. द्वितीय पुरुषाची तिची सर्वनामे तर विलक्षणच आहेत. तू, तुम्ही, आपण या श्रेणीची सवय असलेल्या मराठी वाचकालाही ती दमवतील. संबोधिताचा दर्जा ठरवल्याखेरीज या भाषेत वाक्यच उच्चारता येत नाही. म्हणजे समाजाची उतरंड वर्णनातून सांगावी लागत नाही, ती व्याकरणातच वसलेली असते.

या भाषेला पूर्वजही आहे. एंग्सवान्यालीचे पुरोहितराज्य लयाला गेले, राजधानीचे बेट समुद्रात बुडाले. भाषा मात्र देवळांत टिकली. पावार नामक पुरोहिताने प्रवर्तित केलेले दैवतमंडळ (दहा देव, दहा सहचर) याच राज्याच्या आश्रयाने दूरवर पसरले. शेजारच्या लिव्यानूमधील देवांची नावे वेगळी. ते देव तेच की निराळे, याविषयी शंका उरते. खंडोबा, मैलार आणि मल्लण्णा यांचा अभ्यास करणाऱ्याला ही शंका परकी वाटणार नाही. धर्मप्रसार म्हणजे केवळ देवतेचे स्थलांतर नव्हे, तिच्या नावाचे भाषांतरही असते, हे बार्कर यांनी नेमके हेरले होते.

देवांची विभागणी सत् आणि असत् अशी नाही. ती स्थैर्य आणि परिवर्तन अशी आहे. दोन्ही पक्षांची देवळे एका करारान्वये एकाच नगरात नांदतात. गुलामगिरी आणि नरबळी या समाजाला विपरीत वाटत नाहीत. या अलिप्ततेला मानववंशशास्त्रीय तटस्थता म्हणून दाद मिळत आली.

२०२२ मध्ये या वाचनाला तडा गेला. १९९१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झालेली 'सर्पंट्स वॉक' ही नाझीवादाचा कैवार घेणारी कादंबरी बार्कर यांचीच असल्याचे टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानने जाहीरपणे मान्य केले. लेखक आणि संहिता वेगळी, हे उत्तर येथे फारच सोयीचे आहे. उलट, सगळे टेकुमेल त्या कादंबरीचे बीज ठरवणेही घाईचे होईल. अनेक देवळांचा सहवास आणि एकवंशीय राज्याचे स्वप्न यांचा मेळ सहज बसत नाही. खरा पेच सर्वनामांचा आहे. क्लॅमथचे व्याकरण बार्कर यांनी लिहिले, तरी त्या भाषेतील भेद बोलणाऱ्यांनी घडवले होते. व्याकरणकाराने ते नोंदवले एवढेच. त्सोल्यानीतील माणसामाणसांमधली प्रत्येक पायरी मात्र एका माणसाने, कोणाच्याही बोलण्याचा आधार नसताना, स्वतः योजली. ती निरीक्षणातून आली की आवडीतून, हे आता त्या व्याकरणाचे एकेक रूप पुन्हा वाचूनच तपासावे लागेल.