संग्रह आणि परिग्रह

‘ग्रह्’ या धातूस ‘सम्’ हा उपसर्ग लागला म्हणजे संग्रह आणि ‘परि’ लागला म्हणजे परिग्रह, असे दोन शब्द सिद्ध होतात. घेणे ही क्रिया दोहोंत समान असली, तरी पहिल्यात वस्तू एकत्र आणून त्यांचा अन्योन्यसंबंध जुळविणे अभिप्रेत आहे, दुसऱ्यात स्वामित्व. योगशास्त्राने यमांत अपरिग्रहाची गणना केली आहे. तेव्हा एखादा गृहस्थ आयुष्यभर वस्तू जमवितो, त्याच्या हातून यांपैकी काय घडते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास उपेक्षणीय नाही. महाराष्ट्रातील दोन उदाहरणांवरून त्याचा विचार करण्याचे योजिले आहे.

पहिले उदाहरण औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांचे. ते स्वतः चित्रकार होते. मूळपीठाच्या डोंगरावर त्यांनी १९३८ साली संग्रहालय उभारिले. त्यात रविवर्मा, धुरंधर प्रभृतींची चित्रे आहेत, पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृती आहेत आणि हेन्री मूर या आंग्ल शिल्पकाराची एक कृतीही आहे. प्रजेस उत्तम कलेचे दर्शन घडावे, असा हा राजाश्रयी संग्रह होय. जे श्रेष्ठ म्हणून मान्य झाले, ते निवडून आणणे ही त्याची रीत.

दुसरे उदाहरण पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचे. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. संस्थानाचा खजिना पाठीशी नसता, १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू जमविण्यास आरंभ केला, आणि १९६०पर्यंत सुमारे १५,००० वस्तू त्यांजपाशी जमल्या. या उद्योगात पत्नी कमलाबाई यांचे साहाय्य त्यांस लाभले. बालपणीच निवर्तलेल्या राजा या पुत्राचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले, आणि १९७५ साली सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज वस्तूंची संख्या २०,०००हून अधिक असून त्यांपैकी सुमारे २,५०० मांडलेल्या असतात.

केळकरांचे वैशिष्ट्य त्यांच्या निवडीत आहे. अडकित्ते, चुनाळी, लामणदिवे, वज्र्या, कोयऱ्या, दौती, कुलपे, दारांच्या चौकटी, वाद्ये, कठपुतळ्या, अशा ज्या वस्तूंस त्या काळी कोणी कला म्हणत नसे, त्यांकडे त्यांची दृष्टी गेली. एकटा अडकित्ता पाहिला तर तो सुपारी कातरण्याचे हत्यार होय. तेच शंभर अडकित्ते एका ओळीने मांडले, म्हणजे एकास मोराचा, दुसऱ्यास घोड्याचा, तिसऱ्यास स्त्रीपुरुषांच्या जोडीचा आकार देणारा कारागीर दिसू लागतो. उपयोग तोच राहून रूप पालटत जाते, आणि त्या पालटात प्रांत, वर्ग व काळ यांची अभिरुची प्रकट होते. बखरी आणि सनदा ज्या माजघराविषयी मौन धरितात, त्याचा हा पुरावा आहे. वस्तूंस एकमेकींच्या शेजारी बसवून बोलते करणे, हाच ‘सम्’ या उपसर्गाचा अर्थ.

तथापि एक शंका राहते. वस्तू घरातून निघाली की तिचा गाव, कूळ व उपयोग मागे पडतो. हस्तलिखितांच्या बाबतीत आपणांस ही शिस्त राजवाड्यांनी लाविली. १८९८पासून निघालेल्या त्यांच्या साधनखंडांमुळे कागद कोणाच्या दप्तरातला, हे विचारण्याची सवय आपणांस जडली. दप्तर ठाऊक नसेल, तर पत्राची प्रामाणिकता तोलणे कठीण पडते. समईस हाच न्याय का लागू नये? मस्तानी महालाचे अवशेष केळकरांनी कोथरूडहून आणून पुनः रचिले. ते कोठले, हे सांगता येते, म्हणूनच त्यांपुढे उभे राहणाऱ्यास पेशवाईचा एक प्रसंग आठवतो. उलट, बाजारात चार हात फिरलेला लामणदिवा सुंदर असला तरी मुका असतो. नावनिशी हरवलेली वस्तू सौंदर्याची साक्ष देते, इतिहासाची देत नाही.

यावर कोणी म्हणेल की, घराणी आपले नाव सांगू इच्छीत नाहीत व विकणारा ठिकाण लपवितो. आक्षेप खरा आहे. परंतु कुळाचे नाव गाळूनही गाव, वस्तूचे स्थानिक नाव, ती कोणत्या कामी येई आणि कोणत्या वर्षी हाती आली, एवढी टिपणी ठेवण्यास अडचण नाही. तसेच संग्राहकाने वस्तू उचलून गाव रिता केला, हा आरोपही तारतम्याने करावा. पुणे-दौंड लोहमार्गावरील खुटबावसारख्या गावी आजही जुनी तांब्यापितळेची भांडी वजनावर मोडीत जातात. मोडीत गेलेल्या भांड्याचा रस होतो. त्यापेक्षा संग्राहकाचे कपाट बरे, यात संशय नाही.

सारांश, परिग्रहाचा संग्रह होण्यास दोन संस्कार आवश्यक आहेत. एक नोंद, दुसरा दान. नोंदीमुळे वस्तू आपल्या मूळ स्थानाशी बांधलेली राहते, आणि दानामुळे स्वामित्व सुटून ती सर्वांची होते. यांपैकी दानाचा धडा केळकरांनी पूर्णपणे घालून दिला आहे. नोंदीचे काम मात्र कोणा एका धनिकाचे नव्हे. ज्याच्या घरी फळीवर आजीचे चुनाळे पडले आहे, त्याने ते विकावे वा राखावे. पण तत्पूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसास विचारून त्याची हकीकत चार ओळींत लिहून ठेवावी. ते माणूस गेल्यावर ती हकीकत कोणत्याही मोलाने मिळणार नाही.