धुरी, डीडीटी आणि माशीचा सापळा

इतिहास म्हटला की लढाया आणि सनावळ्या आठवतात. पण आमच्या गोरेगावसारख्या गावात जनावर सांभाळणाऱ्याची रोजची लढाई कुणाशी होती? कोठ्यातल्या माशीशी! त्या लढाईलाही इतिहास आहे, अगदी सनावळीसकट. आज तोच लिहितो.

माझं बालपण १९५० नंतरचं. १९४८ साली निजामाचं राज्य संपलं होतं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, वेगळा जिल्हा १९९९ साली झाला. त्या काळी माशीवर एकच उपाय, धुरी. दिवेलागणीला गोवऱ्यांच्या विस्तवावर लिंबाचा ओला पाला टाकायचा. बैल आपणहून धुरात येऊन उभे राहत. धुरीने माशी मरत नसे, तेवढ्यापुरती पळे. पण जनावराला रवंथ करायला निवांत घटका मिळे. शेजारच्या वऱ्हाडात पोळ्याला दारापुढे पळसाच्या डहाळ्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी रोगराई, माशा, डास यांना घेऊन जा म्हणत गावाबाहेर टाकतात. माशी आणि रोगराई यांची नावं एका दमात घेतली जात, हे लक्षात ठेवा.

ते उगीच नव्हतं, हे १८८० साली शास्त्राने दाखवलं. ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्याला डेरा इस्माईल खान भागात घोड्या-उंटांना होणाऱ्या 'सर्रा' रोगाचे जंतू रक्तात सापडले. हे जंतू एका जनावरातून दुसऱ्यात नेते ती मोठी गोमाशी. कोठ्यातली प्रत्येक माशी सारखी नसते बरं का. घरमाशी जखमेवर, डोळ्यांच्या कडेला बसते, चावत नाही. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक चावरी माशी असते, ती पायावर बसून रक्त पिते. बैल सारखे पाय आपटतात ते तिच्यामुळे.

मग आला डीडीटी. स्वित्झर्लंडच्या पॉल म्यूलर यांनी १९३९ साली त्याचा कीटकनाशक गुण ओळखला आणि १९४८ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. फवारणीवाले गावात येत, घर आणि कोठा दोन्ही फवारत आणि भिंतीवर तारीख लिहून जात. रोख डासांवर होता, पण माशाही पटापट पडत. धुरी करणारी म्हातारी माणसं आम्हा पोरांना एकदम जुनाट वाटू लागली! गंमत अशी की स्वीडनमध्ये १९४६ सालीच घरमाश्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या. म्हणजे आमच्या गावी औषध पोचण्याआधीच माशीने त्याच्यावर तोड काढली होती. पुढे १९८९ साली भारतात शेतीसाठी डीडीटीवर बंदी आली.

आता सापळा. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा शब्द पिकामुळे ओळखीचा झाला. कपाशीच्या बोंडअळीला कामगंध सापळे, आंब्याच्या फळमाशीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा. पण जनावरांच्या माशीचा सापळा याहून जुना आहे. दक्षिण आफ्रिकेच्या झुलुलँडमध्ये १९३० च्या सुमारास हॅरिस यांनी जनावराच्या आकाराचा गोणपाटी सापळा टांगला. माशी ते जनावर समजून पोटाखाली शिरायची आणि फटीतून वरच्या जाळीत अडकायची. अमेरिकेत १९३८ साली ब्रूस यांनी बोगद्यासारखा सापळा केला. गाय त्यातून चालत जाते, पडदे अंगावरच्या माशा झाडतात, माशा उजेडाकडे धावतात आणि जाळीत सापडतात. विषाचा थेंबही नाही! पण पुढच्याच दशकात डीडीटी आला आणि सापळे मागे पडले. औषधं हरू लागल्यावर ते परत आले. केनियात १९९० च्या दशकात निळ्या-काळ्या कापडाचा 'न्झी' सापळा तयार झाला. स्वाहिली भाषेत न्झी म्हणजे माशी.

हे सगळं मी शोधून वाचलं ते २०२२ च्या लम्पीमुळे. डास, चावऱ्या माशा आणि गोचीड यांच्यामार्फत पसरणारा हा रोग १९२९ साली झांबियात प्रथम दिसला, भारतात २०१९ साली ओडिशात. २०२२ च्या सप्टेंबरात राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचली गेली. दगावलेल्या बैलाला सरकारने २५,००० रुपये मदत ठरवली. पैशाने दुसरा बैल कदाचित येईल, पण हाक ओळखणारा कुठून आणायचा?

त्या पावसाळ्यात पुतण्याने आखाड्यावर बाटलीत गुळाचं पाणी घालून सापळे टांगले. बाटल्या माशांनी भरल्या, पण बैलांचं पाय आपटणं काही थांबलं नाही. कारण गुळाला येते ती घरमाशी. रक्त पिणारीला गुळाचं काय आकर्षण? तिच्यासाठी रंग लागतो, आकार लागतो. हॅरिसला हे कळलं होतं. माशी ओळखल्याशिवाय सापळा लावणं म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणं!

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सापळ्यात सापडते ती मोठी झालेली माशी. तिचा जन्म होतो उकंड्यात आणि गव्हाणीखालच्या ओल्या, शेणमुतात कुजलेल्या कडब्यात. उन्हाळ्यात घरमाशीचं अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र आठ-दहा दिवसांत पुरं होतं. एक मादी एका खेपेला शंभरावर अंडी घालते. आठवड्यातून दोनदा तो ओला कचरा काढून उन्हात पातळ पसरला, तर ते चक्र तुटतं. नंतर आम्ही तेच केलं, तेव्हा कुठे बैल शांत उभे राहू लागले.

असो. धुरीने माशी पळवली, डीडीटीने काही वर्षं मारली, सापळा तिला पकडतो. पण तिला जन्मूच न देण्याचं काम फावड्याचंच आहे, आणि ते रोज करावं लागतं. आता आमच्याकडे ट्रॅक्टर वाढले, दावणी रिकाम्या होत चालल्या. ज्यांच्या दावणीला अजून बैल आहे, त्यांनी एवढं करावं. तुमच्या गावी माशीवर काय उपाय करत असत? घरातल्या जुन्या माणसांना विचारून जरूर कळवा.