वायद्याची तारीख

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. प्रेमचंद रायचंद यांनी 1864 साली दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचं नाव आहे, हेही अनेकांना ठाऊक असतं. पण टॉवर पुरा झाला 1878 साली, आणि मधल्या काळात देणगीदाराची बहुतेक संपत्ती बुडाली होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. शेअरबाजारात पैसे घालणाऱ्या (आणि घालवणाऱ्या!) प्रत्येकाने ती गोष्ट एकदा वाचावी अशी आहे.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा एवढा आला की तो ठेवायचा कुठे, हाच प्रश्न! बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर 50 हजारांपर्यंत चढला. तेव्हा समुद्र अजून जागच्या जागीच होता.

यात बँक ऑफ बॉम्बेही उतरली. 1863च्या कायद्याने तिच्यावरची जुनी बंधनं सैल झाली होती आणि शेअर तारण घेऊन कर्ज देता येत होतं. म्हणजे शेअर गहाण ठेवा, कर्ज घ्या, त्यातून आणखी शेअर घ्या. भाव चढता आहे तोवर हे चक्र छान फिरतं.

आता खरी गंमत पाहा. युद्ध कधीतरी संपणार, हे काही गुपित नव्हतं. 1864 सालीच तहाच्या नुसत्या अफवांनी लिव्हरपूलमध्ये कापसाचे भाव कोसळले होते. पुढे काय होणार याची रंगीत तालीमच ती. तरीही मुंबईतला शेअरचा खेळ त्यानंतरच्या महिन्यांत आणखी रंगला. सौदे वायद्याचे होते आणि बड्या सौद्यांची तारीख ठरली होती 1 जुलै 1865.

एप्रिल 1865 मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली. बातमी मुंबईला पोचली, कापूस पडला, मागोमाग शेअर पडले. 1 जुलै उजाडला तेव्हा देणारे आणि घेणारे दोघेही रिकाम्या हाताने उभे होते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर एकेकाळी 2850 रुपयांना गेला होता, तो 87 वर आला. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली गेला. 1868 मध्ये खुद्द बँक ऑफ बॉम्बे बंद करावी लागली. 1864 साली मुंबईची लोकसंख्या आठ लाखांवर होती, ती 1872च्या गणतीत साडेसहा लाखांच्याही खाली भरली.

ही माणसं अडाणी नव्हती. पिढ्यान् पिढ्या व्यापार केलेले पारशी, गुजराती, इंग्रज असे सगळे त्यात होते. त्यांना माहिती कमी पडली असं मला वाटत नाही. युद्ध संपेल हे कळत होतं, पण "माझा सौदा पुरा झाल्यावर संपेल" अशी आशा होती. ज्याचा सगळा पैसा तेजीत गुंतला आहे, त्याला मंदीची बातमी अफवाच वाटते. शिवाय शेजारी रोज श्रीमंत होताना दिसत असेल, तर आधी बाहेर पडणं म्हणजे मूर्खपणाच वाटणार! 2008 सालीही वेगळं काय झालं? जानेवारीत 21 हजारांपलीकडे गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात आठ हजारांखाली उतरला, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर "आता वर येईल" म्हणत थांबलेले लोक होतेच.

मग शिकलं कोण? सरकारने बँकेच्या कारभाराची चौकशी केली. दलालांनी 1875 मध्ये एक रुपया प्रवेश फी ठेवून आपली संघटना बांधली, तोच आजचा मुंबई शेअरबाजार. हेतू स्वतःचं हित जपण्याचा असेल, पण झाडाखालच्या बाजाराला नियमांची चौकट मिळाली. संस्थेचा धडा असा कागदावर उरतो. माणसाचा धडा मात्र बहुधा त्याच्याबरोबरच जातो, आणि पुढच्या पिढीला तीच फी नव्याने भरावी लागते.

म्हणून मला वाटतं, शेअर घेतानाच, डोकं थंड असताना, दोन ओळी वहीत लिहून ठेवाव्यात: हा का घेतला, आणि काय झालं तर विकायचा. भाव पडायला लागल्यावर आपण जो विचार करतो तो विचार नसतोच, ती आशा असते. त्या वेळी वहीतलं आपलंच अक्षर तेवढं आपल्याशी खरं बोलतं. कर्ज काढून शेअर घेऊ नयेत, ही तिसरी ओळ मात्र सगळ्यांच्या वहीत सारखीच असावी.