भूमिगत पाणी आणि कायद्याची परिभाषा : पनवेलच्या संदर्भात

पनवेल परिसराच्या पाण्याचा विचार बहुधा दृश्य जलाशयांपुरता होतो. १८५२ मध्ये नगरपालिका लाभलेल्या या शहरात वडाळे, कृष्णाळे, देवाळे ही तळी आहेत; गाढी नदी जवळून वाहते. भूमिगत पाण्याचा इतिहास मात्र कायद्याच्या शब्दांत शोधावा लागतो.

१८८२ चा सुविधाधिकार कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याच्या सातव्या कलमातील दोन उदाहरणे लक्षणीय आहेत. निश्चित मार्गाने न वाहणारे भूमिगत पाणी आपल्या हद्दीत घेण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क पहिल्याने भूस्वामीला दिला. त्याच्या जमिनीतून झिरपणारे पाणी इतरांनी अवाजवीपणे दूषित करू नये, असे दुसऱ्याने सांगितले. १८८५ मध्ये इंग्लंडातील अपील न्यायालयानेही बॅलर्ड विरुद्ध टॉमलिन्सन या खटल्यात हाच भेद केला. एकाने आपल्या विहिरीत सांडपाणी सोडल्यामुळे शेजारच्या मद्यनिर्मात्याची विहीर नासली होती. उपसण्याचा हक्क दूषित करण्यापर्यंत पोचत नाही, असा निर्णय झाला.

तथापि हे संरक्षण खासगी दाव्यापुरते होते. दोष कोणाचा, हे पीडितानेच सिद्ध करावयाचे. पनवेलच्या भूमीत तर ते अधिकच कठीण. येथील बेसाल्ट खडकात पाणी सलग थराने न साठता वरच्या झिजलेल्या भागात आणि भेगांत साठते. ते कोणत्या वाटेने गेले, हे वरून कळत नाही. तळोजे औद्योगिक क्षेत्रालगतच्या कासाडी नदीचे प्रदूषण डोळ्यांना दिसते, म्हणून त्याविषयी तक्रार तरी होते. विहिरीच्या तळाशी गेलेले सांडपाणी साक्षीदार ठेवीत नाही.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणविषयक कायदा केला. १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ आले. पुढे १९७४ चा केंद्रीय कायदा राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. त्याच्या व्याख्येत ‘प्रवाह’ या शब्दात भूमिगत पाणीही येते, आणि प्रवाहात वा विहिरीत विषारी द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास बंदी आहे. अशा रीतीने न दिसणारे पाणी शब्दाच्या कक्षेत आले, आणि खासगी गाऱ्हाणे सार्वजनिक अपराध ठरले.

त्याच १९७४ साली अमेरिकेने सुरक्षित पेयजल कायद्याने जमिनीत द्रव सोडणाऱ्या विहिरींचे नियमन आरंभिले. आज तेथे अशा विहिरींचे सहा वर्ग असून पावसाचे पाणी मुरवणाऱ्या विहिरींचाही एका वर्गात समावेश होतो. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याचा रोख वेगळा होता : सार्वजनिक पेयजलस्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर त्याने निर्बंध घातला. २००९ च्या अधिनियमाने साठ मीटरहून खोल विहिरींचा स्वतंत्र विचार केला. दोहोंचा मुख्य भर उपशावर आहे.

येथेच आजचा प्रश्न उभा राहतो. गृहसंकुलांत पर्जन्यजल विंधन विहिरीत सोडून भूजल वाढवले जाते. छपराचे स्वच्छ पाणी आणि तेलकट अंगणाचे पाणी एकाच नळीने खाली गेले, तर पुनर्भरण आणि प्रदूषण यांतील सीमा पुसते. केवळ बंदीच्या भाषेने हा भेद होत नाही; कोणते पाणी, किती गाळून, किती खोल सोडावे, हे ठरवावे लागते.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण विहिरीकडे उपसणाऱ्याच्या दृष्टीने पाहते. पाणी आडात काय घेऊन उतरते, हेही कायद्याला आता तितक्याच काटेकोरपणे विचारावे लागेल.