अवाब कायदा

अवाब कायदा हे इंग्लंडमधील सामाजिक भाडेघरांत आढळणारी ओल, बुरशी व अन्य धोकादायक दोष ठरावीक मुदतीत दूर करणे घरमालकांवर बंधनकारक करणाऱ्या तरतुदींचे प्रचलित नाव आहे. सामाजिक भाडेघरे म्हणजे नगरपरिषदा व ना-नफा गृहनिर्माण संस्थांनी कमी भाड्याने दिलेली घरे. ग्रेटर मँचेस्टर परगण्यातील रॉचडेल येथे घरातील बुरशीमुळे मृत्यू पावलेल्या अवाब इशाक या दोन वर्षांच्या बालकावरून हे नाव पडले. या तरतुदींचा समावेश सामाजिक गृहनिर्माण (नियमन) अधिनियम, २०२३ मध्ये करण्यात आला. त्याखालील नियम २७ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आले.

== पार्श्वभूमी ==

=== ओलीचे प्रकार ===

घरातील ओल प्रामुख्याने तीन कारणांनी निर्माण होते. जमिनीतील पाणी पायातून भिंतीत चढते, छप्पर, भिंत किंवा नळ यांतून गळती होते, अथवा हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर साचून त्याचे पाणी होते. पहिल्या दोन प्रकारांत इमारतीचा दोष उघड दिसतो. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे संघननात, तो तसा दिसत नाही. श्वासोच्छ्वास, स्वयंपाक, आंघोळ व कपडे वाळविणे या नित्याच्या क्रियांतून घरात बाष्प तयार होतच असते. भिंती थंड असतील आणि दमट हवा बाहेर जाण्यास वाट नसेल, तर ते भिंतींच्या कोपऱ्यांत व खिडक्यांच्या कडांवर साचते आणि तेथे काळी बुरशी धरते. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे शरीरात गेल्यास दमा व श्वसनमार्गाचे विकार बळावू शकतात. लहान मुले, वृद्ध व आधीपासून आजारी असलेल्या व्यक्तींना हा धोका अधिक असतो.

=== वादाचे स्वरूप ===

मालक व भाडेकरू यांच्यातील बहुतेक वाद या तिसऱ्या प्रकारावरून होतात. भाडेकरू खिडक्या उघडत नाहीत, घर पुरेसे तापवीत नाहीत आणि कपडे घरातच वाळवितात, असे मालकांचे म्हणणे असते. घराला उष्णतारोधक आवरण नाही, एक्झॉस्ट पंखे निकामी आहेत व घर तापविण्याचा खर्च परवडत नाही, अशी भाडेकरूंची तक्रार असते. इंग्लंडच्या थंड हवामानात हिवाळाभर खिडक्या उघड्या ठेवणे सहसा शक्य नसते, त्यामुळे हा वाद अधिकच चिघळतो.

=== पूर्वीचा कायदा ===

घरमालक व भाडेकरू अधिनियम, १९८५ याच्या कलम ११ अन्वये घराचा सांगाडा व बाह्यभाग दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. मात्र ‘दुरुस्ती’ या शब्दाचा न्यायालयांनी मर्यादित अर्थ लावला. क्विक विरुद्ध टॅफ-एली बरो कौन्सिल (१९८५) या खटल्यात एकेरी काचेच्या व धातूच्या चौकटींच्या खिडक्यांमुळे घरात तीव्र संघनन होऊन सामानसुमान खराब झाले होते. खिडक्या स्वतः मोडलेल्या वा झिजलेल्या नसल्यामुळे दुरुस्तीचे दायित्व उद्भवत नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने दिला. परिणामी, राहण्यास अयोग्य असलेले घरही कायद्याच्या दृष्टीने ‘दुरुस्त’ ठरू शकत होते.

ही उणीव मानवी वास्तव्यास योग्य घरे अधिनियम, २०१८ ने बऱ्याच अंशी भरून काढली. २० मार्च २०१९ पासून लागू झालेल्या या कायद्यान्वये घर वास्तव्यास अयोग्य असल्यास भाडेकरूला थेट न्यायालयात दाद मागता येते. तथापि काम किती दिवसांत पूर्ण करावे, याची निश्चित मुदत त्यात नव्हती.

== रॉचडेल येथील घटना ==

अवाबचे आईवडील सुदानमधून आलेले होते. हे कुटुंब रॉचडेल बरोवाइड हाउसिंग या संस्थेच्या एका शयनकक्षाच्या सदनिकेत राहत होते. घरातील बुरशीबद्दल वडिलांनी २०१७ मध्ये, म्हणजे अवाबच्या जन्मापूर्वीच, तक्रार केली होती. त्या वेळी त्यांना बुरशीवर रंग देण्यास सांगण्यात आले. २०२० मध्ये कुटुंबाने सॉलिसिटरमार्फत दावा दाखल केला. त्याच वर्षी जुलैमध्ये एका आरोग्यसेविकेनेही संस्थेला पत्राद्वारे चिंता कळविली. परंतु कायदेशीर दावा सुरू असताना दोन्ही बाजूंच्या वकिलांचे एकमत होईपर्यंत दुरुस्ती हाती घ्यायची नाही, असे संस्थेचे धोरण होते. त्यामुळे ज्या दाव्याने काम व्हावे अशी अपेक्षा होती, त्या दाव्यामुळेच ते थांबले. २१ डिसेंबर २०२० रोजी, दुसऱ्या वाढदिवसानंतर आठ दिवसांनी, अवाबचा मृत्यू झाला.

== मृत्यूची चौकशी ==

वरिष्ठ कॉरोनर (मृत्यूच्या कारणांची चौकशी करणारा न्यायाधिकारी) जोआन कीअर्स्ली यांनी १५ नोव्हेंबर २०२२ रोजी निष्कर्ष जाहीर केला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्यामुळे झालेल्या तीव्र श्वसनविकाराने हा मृत्यू झाला, असे त्यांनी नोंदविले. दैनंदिन जीवनातील सामान्य व्यवहार आणि प्रभावी वायुवीजनाचा अभाव यांमुळे ही बुरशी वाढली होती, असेही चौकशीत स्पष्ट झाले.

कुटुंबाच्या आंघोळीच्या पद्धतीमुळे घरात ओल येत असावी, असे संस्थेने गृहीत धरले होते. राहणीमानाविषयीची अशी गृहीतके चुकीची होती, हे संस्थेने नंतर मान्य करून माफी मागितली. निष्कर्षानंतर काही दिवसांतच संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास पदावरून दूर करण्यात आले.

भाडेकरूच्या राहणीमानाकडे बोट दाखविण्याच्या प्रवृत्तीवर इंग्लंडच्या गृहनिर्माण लोकपालांनी ऑक्टोबर २०२१ च्या अहवालातच टीका केली होती. ओल व बुरशीसाठी भाडेकरूंना दोष देऊ नये, असे सरकारच्या सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट करण्यात आले.

== तरतुदी ==

अवाबचे कुटुंब, ‘मँचेस्टर ईव्हनिंग न्यूज’ हे वृत्तपत्र व ‘शेल्टर’ ही संस्था यांनी कायद्यासाठी मोहीम चालविली. अधिनियमास २० जुलै २०२३ रोजी राजसंमती मिळाली. त्यानुसार विहित मुदती पाळणे ही प्रत्येक सामाजिक भाडेकरारातील अध्याहृत अट ठरते, म्हणून ती मोडल्यास भाडेकरूला न्यायालयात जाता येते. मुख्य मुदती पुढीलप्रमाणे आहेत:

* तातडीचा धोका : २४ तासांच्या आत तपासणी करून घर सुरक्षित करणे.
* लक्षणीय धोका : माहिती मिळाल्यापासून १० कामकाजी दिवसांत तपासणी करणे.
* लेखी अहवाल : तपासणी संपल्यापासून ३ कामकाजी दिवसांत भाडेकरूला निष्कर्ष कळविणे.
* सुरक्षिततेचे काम : तपासणी संपल्यापासून ५ कामकाजी दिवसांत पूर्ण करणे.
* पुढील प्रतिबंधक काम : त्याच ५ दिवसांत सुरू करणे. ते शक्य नसल्यास १२ आठवड्यांच्या आत प्रत्यक्ष काम सुरू करणे.

घर मुदतीत सुरक्षित करता येत नसल्यास कुटुंबाची पर्यायी निवासव्यवस्था मालकाने स्वखर्चाने करावयाची असते. मुदत पाळण्यासाठी सर्व वाजवी प्रयत्न केल्याचे सिद्ध करणे, हा मालकाला उपलब्ध असलेला बचाव आहे.

== महत्त्व व मर्यादा ==

पूर्वी बुरशी कोणामुळे झाली, या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत काम रखडत असे. नव्या नियमांत धोका कळल्यापासून मुदत मोजली जाते. त्यामुळे कारणाविषयी वाद असला, तरी तपासणी पुढे ढकलता येत नाही.

पहिल्या टप्प्यात ओल व बुरशी यांचे लक्षणीय धोके आणि सर्व प्रकारचे तातडीचे धोके यांचा समावेश आहे. अतिथंडी, आग, विजेचे दोष इत्यादी अन्य धोके पुढील टप्प्यांत समाविष्ट करण्याचे सरकारने जाहीर केले आहे. हे नियम केवळ इंग्लंडपुरते व सामाजिक भाडेघरांपुरते मर्यादित आहेत. खासगी मालकांच्या घरांनाही अशा मुदती लागू करण्याचा अधिकार भाडेकरू हक्क अधिनियम, २०२५ ने सरकारला दिला आहे.

== हेही पहा ==

* भाडेकरार
* दमा
* बुरशी
* रॉचडेल